अमेरिकेतल्या शेतकरी-आमदाराचं चरित्र: नागपुरात बसून पुरावे कसे जमवायचे

१९व्या शतकात अमेरिकेच्या राज्य विधिमंडळांमध्ये शेतकऱ्यांचा मोठा भरणा असे. बऱ्याच राज्यांत अधिवेशन जानेवारीत सुरू व्हायचं, वसंतातल्या पेरणीच्या सुमारास आटोपायचं आणि सदस्य घरी परतून नांगराला लागायचा. त्यातले पुष्कळ जण एखाद-दुसरं वर्षच सभागृहात बसले, शेती मात्र जन्मभर केली. त्यांच्यावर आज जे लिहिलेलं सापडतं त्यात हे प्रमाण पार उलटं असतं: सभागृहावर तीन परिच्छेद आणि शेतीवर ‘व्यवसायाने शेतकरी’ एवढे दोन शब्द.

मराठी विकिपीडियासाठी, एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी किंवा मासिकासाठी अशा माणसावर लिहायचं असेल, तर शेतापासून सुरुवात करा. शेताचे कागद बऱ्याच राज्यांत चांगले टिकले आहेत, त्यांतले बहुतेक घरबसल्या फुकट पाहता येतात, आणि माणसाने सभागृहात अमुक बाजूने मत का दिलं याचं उत्तर कितीदा तरी तिथेच मिळतं. या लेखात नमुन्यासाठी विस्कॉन्सिन राज्य आणि विल्यम आर. टेलर हा माणूस घेतला आहे. जन्म १८२०, कनेटिकट, शेत डेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) कॉटेज ग्रोव्ह इथे, राज्याच्या दोन्ही सभागृहांचा सदस्य, राज्य कृषी संस्थेचा अध्यक्ष, १८७४ ते १८७६ गव्हर्नर, मृत्यू १९०९. लोक त्याला ‘शेतकरी गव्हर्नर’ म्हणत. पद्धत मात्र कुठल्याही अनामिक सदस्यालाही तशीच लागू पडते.

आधी माणूस पक्का करा

एका वहीत किंवा एक्सेलच्या पानावर चार गोष्टी लिहा: पूर्ण नाव (मधल्या अक्षरासकट), राज्य, काउंटी, सभागृह. यातली एक जरी कच्ची असेल तरी पुढे जाऊ नका. एकाच काउंटीत त्याच नावाची दोन-तीन माणसं सहज सापडतात, आणि एकाचं शेत दुसऱ्याच्या खात्यावर चढवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. नावापुढे ‘ज्युनियर’ असलं म्हणजे तो मुलगाच असतो असं धरू नका. त्या काळी गावात त्याच नावाचा कोणी वयाने मोठा असेल, तरी धाकट्याला ज्युनियर म्हणत. तो पुतण्या असू शकतो किंवा नात्याबाहेरचाही. ‘ऑनरेबल’ ही उपाधी एकदा सभागृहात बसलेल्याला कायमची चिकटायची, त्यामुळे तिच्यावरून तो त्या वर्षी सदस्य होता असं ठरत नाही. ‘कर्नल’ ही बऱ्याचदा स्थानिक मिलिशियातली, म्हणजे नागरिकांच्या हंगामी फौजेतली, पदवी असते.

‘सिनेटर’ शब्द दिसला की थांबा. राज्याच्या सिनेटचा सदस्य आणि वॉशिंग्टनमधल्या सिनेटचा सदस्य, दोघांनाही वर्तमानपत्रं सिनेटरच लिहितात. १९१३ सालच्या १७व्या घटनादुरुस्तीपर्यंत वॉशिंग्टनचे सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत. म्हणून तुमचा शेतकरी ज्या वर्षी सभागृहात होता त्या वर्षी ती निवड झाली का, आणि त्याने कोणाला मत दिलं, हे शोधण्यासारखं आहे. त्याच्या राजकीय आयुष्यातलं ते सर्वांत वजनदार मत असू शकतं.

मुदतीचाही हिशोब ठेवा. विस्कॉन्सिनच्या विधानसभेची मुदत १८८१च्या घटनादुरुस्तीपर्यंत एकच वर्षाची होती. न्यूयॉर्कमध्ये तर ती २०व्या शतकातही बराच काळ एक वर्षाचीच राहिली. त्यामुळे ‘एकदाच निवडून आला, म्हणजे पुढे पडला’ असा निष्कर्ष काढू नका. गावोगावी उमेदवारी आळीपाळीने फिरत असे. निवडणूक नोव्हेंबरात आणि सभागृह जानेवारीत, त्यामुळे वर्षं दोन सापडतात. टेलर गव्हर्नर म्हणून निवडून आला नोव्हेंबर १८७३मध्ये, सूत्रं घेतली जानेवारी १८७४मध्ये. वहीत दोन वेगळे रकाने ठेवा: ‘निवड’ आणि ‘अधिवेशन’.

जमीन कुठे होती, किती होती, कशी आली

ओहायोपासून पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत जमीन १७८५च्या कायद्याने चौकोनांत मोजली गेली. टाउनशिप म्हणजे ६ मैल बाय ६ मैल. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक १ चौरस मैल म्हणजे ६४० एकर. सेक्शनचा पाव भाग १६० एकर, त्याचा पाव ४० एकर. मोजणी ६६ फुटी गुंटर साखळीने व्हायची. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे त्याच साखळीच्या अर्ध्या लांबीचा चौरस, आणि ४० गुंठ्यांचा एकर तोच. एकराचे आकडे मराठीत जसेच्या तसे द्या, हेक्टर करण्याची गरज नाही.

कागदावर पत्ता असा असतो: ‘सेक्शन १२च्या नैर्ऋत्य पावाचा ईशान्य पाव, टाउनशिप ७ उत्तर, रेंज ११ पूर्व, चौथं मुख्य रेखावृत्त’. हा पत्ता शेवटाकडून वाचायचा. विस्कॉन्सिनची आधाररेषा म्हणजे इलिनॉयची सीमा. तेव्हा टाउनशिप ७ उत्तरची दक्षिण कड सीमेपासून ३६ मैलांवर येते. रेंज म्हणजे मुख्य रेखावृत्तापासून पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे मोजलेला उभा पट्टा; पूर्वेकडच्या अकराव्या पट्ट्यातली ही टाउनशिप म्हणजेच कॉटेज ग्रोव्ह. मग सेक्शन १२ शोधा. आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे ६पर्यंत जातात, ७ हा ६च्या खाली येतो, तिथून पूर्वेकडे १२, आणि असंच नागमोडी ३६पर्यंत. म्हणजे १२ पूर्वेच्या कडेला, वरून दुसऱ्या ओळीत. त्याचा नैर्ऋत्य पाव १६० एकर, त्याचा ईशान्य पाव ४० एकर. हे एकदा कागदावर काढून पाहिलं की पुढे हात बसतो. मूळच्या तेरा राज्यांत, तसंच केंटकी, टेनेसी, टेक्सास इथे ही पद्धत नाही; तिथे ओढा, झाड, दगड अशा खुणांनी हद्द सांगितलेली असते आणि नकाशावर जागा पकडायला बराच वेळ जातो.

अमेरिकी सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर सरकारकडून पहिल्यांदा दिलेल्या जमिनीचे दाखले, म्हणजे पेटंट, नावाने शोधता येतात. राज्य, काउंटी, आडनाव टाका. दाखल्याचं चित्र उतरवून घ्या आणि कोणत्या कायद्याने जमीन मिळाली ते पाहा, कारण त्यावर अर्थ बदलतो:

रोख खरेदी असेल तर १८२०नंतरचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर. ८० एकरांना १०० डॉलर.

सैनिकी वॉरंट (सैनिकाला सेवेबद्दल मिळालेला जमिनीचा हक्क-कागद) असेल तर दाखल्यावर बहुधा दोन नावं असतात, वॉरंट मिळालेल्या सैनिकाचं आणि ते विकत घेणाऱ्याचं. ही वॉरंटं बाजारात सर्रास विकली जात. तुमचा माणूस दुसऱ्या नावाचा असेल तर त्याने कागद विकत घेतला एवढंच कळतं, तो लढाईत होता असं ठरत नाही. इथे हमखास चूक होते आणि साध्या शेतकऱ्याचा माजी सैनिक होऊन बसतो.

१८६२च्या होमस्टेड कायद्याखाली असेल तर १६० एकरांपर्यंत जमीन, पाच वर्षं राहून कसल्यानंतर दाखला. म्हणजे दाखल्याच्या तारखेआधी सहसा पाच वर्षं तरी तो तिथे होता. या प्रकरणाची फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते आणि पैसे भरून नक्कल मिळते. पैसे भरण्यासारखी कुठली एक गोष्ट असेल तर ही. साक्षीदारांच्या जबान्यांत घर केवढं, किती एकर नांगराखाली आणली, काय पेरलं, हे सगळं येतं.

रोख खरेदीतही दाखल्याची तारीख प्रत्यक्ष खरेदीच्या नंतरची, कधी वर्ष-दीड वर्षानंतरची असते. ‘१८४८ साली जमीन घेतली’ असं लिहिण्याआधी खरेदीची तारीख वेगळी सापडते का पाहा.

ही जमीन सरकारकडे कशी आली तेही एका वाक्यात यायला हवं. दक्षिण विस्कॉन्सिनमधली हो-चंक या मूळनिवासी लोकांची जमीन १८३२पर्यंतच्या तहांनी काढून घेण्यात आली आणि त्यानंतरच ती विक्रीला निघाली. हे गाळलं तर जमीन रिकामीच पडली होती असा वाचकाचा समज होतो.

पेटंटनंतरचे व्यवहार काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सच्या (खरेदीखतं नोंदवणाऱ्या कार्यालयाच्या) नोंदवह्यांत असतात: विकणाऱ्यांची सूची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी. दोन्ही पाहा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून अनेक काउंट्यांच्या या वह्यांची पानं वाचता येतात. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त आपण बोजा शोधतो, तशी इथे गहाणखतांची वही शोधा. विस्कॉन्सिनमध्ये तर ती सोडूच नका. १८५०च्या दशकात तिथल्या सुमारे ६,००० शेतकऱ्यांनी शेतं गहाण टाकून रेल्वे कंपन्यांचे शेअर घेतले. १८५७च्या मंदीत कंपन्या बुडाल्या, शेअर कवडीमोल झाले आणि गहाणखतं पूर्वेकडच्या सावकारांच्या हाती राहिली. वसुली थोपवणारे कायदे विधिमंडळाने केले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उडवून लावले. पुढे १८७४ साली राज्य सिनेटर पॉटर याच्या नावाने ओळखला जाणारा, रेल्वेचं भाडं बांधून देणारा कायदा आला आणि गव्हर्नर टेलरने त्यावर सही केली. १८५७ साली ज्याचं शेत गहाण होतं त्याने १८७४ साली काय मत दिलं, हे दोन कागद शेजारी ठेवून पाहायची गोष्ट आहे. मात्र दोन्ही कागद हातात असल्याशिवाय कारण म्हणून लिहू नका.

जनगणनेतली शेतीची पानं

सर्वांत श्रीमंत साधन हेच, आणि बहुतेक लेखक ते उघडतही नाहीत. १८५०, १८६०, १८७० आणि १८८०च्या जनगणनेत माणसांच्या यादीशिवाय शेतीची वेगळी पानं भरली गेली. शेतमालकाच्या नावापुढे कसलेली जमीन, न कसलेली जमीन, शेताची किंमत, अवजारांची किंमत, घोडे, दुभत्या गाई, कामाचे बैल, मेंढ्या, डुकरं, गहू, मका, ओट, बटाटे, लोकर, लोणी, चीज, गवत, असे रकाने ओळीने आहेत. १८८०मध्ये जमीन स्वतःची की खंडाने की वाट्याने, कुंपणावर किती खर्च, खतावर किती, मजुरी किती दिली, हेही आहे.

वाचताना इथे पाय घसरतो:

पीक त्या वर्षाचं नसतं. १८६०चं पान १ जून १८६०ला संपणाऱ्या वर्षाचं आहे, म्हणजे त्यातला गहू १८५९चा. १८८०च्या पानात १८७९चं पीक आहे.

१८८०च्या आधी कोणत्या पिकाखाली किती एकर होते ते दिलेलं नाही. एकूण बुशेलांना ‘कसलेल्या’ एकरांनी भागून एकरी उतारा काढू नका. त्या एकरांत कुरण आणि पडीतही धरलेलं आहे.

नाव नाही म्हणजे शेत नव्हतं असं नाही. १८५० आणि १८६०मध्ये १०० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाचं शेत घेतलेलं नाही. शिवाय शेत बापाच्या किंवा भावाच्या नावावर असू शकतं.

ओळ सरकते. ही पानं दुहेरी रुंदीची असतात. मोबाइलवर वाचलं तर डावीकडचं नाव आणि उजवीकडचा आकडा यांची फारकत होते. ओळीचा क्रमांक धरून, मोठ्या पडद्यावर, पट्टी लावून वाचा.

१८९०ची माणसांची यादी १९२१च्या आगीत जवळजवळ पूर्ण गेली आणि त्या वर्षीची शेतीची पानंही मिळत नाहीत. तिच्यामागे वेळ घालवू नका. बाकीच्या शेतीच्या पानांच्या मूळ प्रती २०व्या शतकाच्या सुरुवातीला राज्यांच्या ग्रंथालयांना आणि अभिलेखागारांना वाटून दिल्या गेल्या, त्यामुळे प्रत्येक राज्यात जागा वेगळी. फॅमिलीसर्चवर नसतील तर त्या राज्याच्या ऐतिहासिक संस्थेकडे विचारा.

माणसांच्या यादीत १८५०पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव येतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. १८५०मध्ये स्थावर मालमत्तेची किंमत आहे, १८६० आणि १८७०मध्ये स्थावर आणि जंगम दोन्हींची.

माणूस दक्षिणेतला असेल तर १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या वेगळ्या याद्या पाहणं बंधनकारक समजा. त्यांत मालकाचं नाव असतं आणि खाली गुलाम माणसांचं फक्त वय, लिंग, वर्ण. नावं जवळजवळ कधीच नाहीत. १८६०च्या जंगम मालमत्तेच्या आकड्यात या माणसांची किंमत धरलेली आहे, म्हणून १८७०मध्ये तो आकडा कोसळलेला दिसतो. मोठ्या शेताबद्दल लिहायचं आणि ते कोणी कसलं हे सांगायचं नाही, असं चरित्र खोटं ठरतं. ‘यशस्वी कापूस उत्पादक’ असा शब्दप्रयोग करण्याआधी ही यादी उघडा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या १८६१ ते १८६५ या वर्षांत दक्षिणेतला कापूस अडकला आणि हिंगणघाट-अमरावतीच्या कापसाला भाव चढला, हा आपल्याकडचा धागा इथे स्वाभाविकपणे जोडता येतो. ज्याच्याशी त्याचा संबंध नाही अशा उत्तरेतल्या गहूवाल्याच्या चरित्रात मात्र तो ओढून आणू नका.

सभागृहातलं काम

‘असेंब्ली जर्नल’ आणि ‘सिनेट जर्नल’ ही सभागृहांची छापील दैनंदिनी. इंटरनेट अर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहांत बऱ्याच राज्यांचे खंड आहेत. शेवटी दिलेल्या सूचीतून सदस्याचं नाव धरा आणि चार गोष्टी टिपा: कोणत्या समित्यांवर होता, कोणती विधेयकं मांडली, कोणाचे अर्ज सादर केले, नावानिशी मतदानात कुठे होता. भाषणं यात सहसा नसतात, ती वर्तमानपत्रात शोधावी लागतात. विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला असं नाही. त्या वर्षीच्या कायद्यांचा खंड वेगळा छापलेला असतो, त्यात नसेल तर ते पडलं. पॉटर कायदाही १८७६मध्ये मागे घेतला गेला. असे कायदे करण्याचा राज्यांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो १८७७मध्ये, तेव्हा दोन्ही तारखा द्या.

अर्जांकडे विशेष लक्ष द्या. रस्ता, पूल, मोकाट जनावरं, कुंपण, दारूबंदी असे गावच्या लोकांचे अर्ज त्याने मांडलेले असतात, आणि मतदारसंघाचं रोजचं राजकारण त्यात भाषणांपेक्षा स्वच्छ दिसतं.

विस्कॉन्सिनचं ‘ब्लू बुक’ आणि इतर राज्यांतली तशी पुस्तिका सदस्याचं चार-पाच ओळींचं चरित्र देते. ही माहिती बहुधा सदस्यानेच पुरवलेली असते. जन्म, स्थलांतराचं वर्ष, पक्ष यासाठी ती चांगली. राज्य कृषी संस्थांचे वार्षिक अहवाल यापेक्षा मजेशीर: प्रदर्शनात कोणाच्या मेंढ्याला, कोणाच्या लोण्याला बक्षीस, याच्या लांबलचक याद्या त्यांत आहेत. शेतकरी-आमदाराचं नाव तिथे सापडण्याची शक्यता चांगली असते. विस्कॉन्सिनमध्ये चिंच बग या किडीने आणि दमलेल्या जमिनीने गहू मागे पडला आणि लोक दुधाकडे वळले. तिथला दुग्धव्यावसायिकांचा संघ १८७२चा. तुमच्या माणसाच्या शेतीच्या पानांत १८६०पासून १८८०पर्यंत गहू घटला आणि गाई वाढल्या का, हे बक्षिसांच्या यादीशी ताडून पाहता येतं.

स्तुतिपुस्तकं

१८७०नंतर काउंटीकाउंटीचे जाडजूड इतिहास निघाले. त्यांतली चरित्रं बऱ्याचदा वर्गणी भरणाऱ्यांची असत आणि मजकूर घरच्यांकडून येई. ‘शून्यातून उभा राहिला’, ‘सचोटीसाठी सर्वदूर ख्याती’ ही वाक्यं शेकडो लोकांच्या बाबतीत तीच आहेत. त्यातून तारखा, बायकोचं माहेर, मुलांची नावं, चर्च, एवढंच घ्या आणि तेही जनगणनेशी पडताळा. विशेषणं सगळी तिथेच सोडा.

बरीच जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन संग्रहात फुकट आहेत. पूर्ण नाव टाकून शोधलं तर हाती थोडं लागतं, कारण छापताना आद्याक्षरंच असत. ‘डब्ल्यू. आर. टेलर’ आणि गावाचं नाव एकत्र टाका, वर्षांची मर्यादा घाला. प्रत्येक पत्र कुठल्यातरी पक्षाचं होतं. मॅडिसनचं विस्कॉन्सिन स्टेट जर्नल रिपब्लिकन. निवडणुकीच्या महिन्यातली बातमी दोन विरोधी पत्रांतून वाचल्याशिवाय वापरू नका.

मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी काउंटी न्यायालयाच्या प्रोबेट (मृत्युपत्र-वारसा) फाइलमध्ये असते. नांगर, पेरणीयंत्र, गाईंची संख्या, देणी, येणी, सगळं किमतीसकट. थडग्यावर जन्मतारखेऐवजी वय कोरलेलं असेल तर वजाबाकी करा: समजा मृत्यू २० मे १८८१, वय ७४ वर्षं ३ महिने ११ दिवस, तर जन्म ९ फेब्रुवारी १८०७.

मराठीत उतरवताना

तारीख आकड्यांत असेल तर आधी महिना असतो: ३/४/१८६१ म्हणजे ४ मार्च. महिना अक्षरात लिहा म्हणजे घोळ होत नाही. ‘टाउन ऑफ कॉटेज ग्रोव्ह’ हे शहर नव्हे. विस्कॉन्सिनमध्ये टाउन म्हणजे ग्रामीण भागातलं स्थानिक प्रशासनाचं एकक. वरच्या सभागृहाला ‘राज्य सिनेट’ लिहा. विधान परिषद म्हटलं की आपल्या वाचकाला आमदारांनी निवडलेले आणि राज्यपालांनी नेमलेले सदस्य आठवतात. तिथले सिनेटर थेट मतदारांनी निवडलेले.

बुशेल हे माप आहे, वजन पिकाप्रमाणे बदलतं. गव्हाचा बुशेल ६० पौंड म्हणजे २७.२ किलो, मक्याच्या दाण्यांचा ५६ पौंड म्हणजे २५.४ किलो, ओटचा ३२ पौंड म्हणजे १४.५ किलो. ४०० बुशेल गहू म्हणजे सुमारे १०९ क्विंटल. कळमन्याच्या बाजारात भाव क्विंटलचा निघतो, त्यामुळे नागपूरच्या वाचकाला हा आकडा लगेच उमगतो. कापसाची गाठ १८५०च्या जनगणनेत ४०० पौंडांची, म्हणजे १८१ किलो. आपल्याकडची आजची १७० किलोंची. डॉलरचे आजचे रुपये करू नका. त्याऐवजी त्याच काळातल्या जमिनीच्या भावाशी किंवा त्याच पानावरच्या शेजाऱ्यांच्या आकड्यांशी तुलना द्या. आजूबाजूच्या वीस-पंचवीस शेतांची किंमत उतरवून घेतली की आपला माणूस गावात मोठा होता की मधला, हे कळतं.

पक्षांची नावं त्या काळाप्रमाणेच ठेवा. व्हिग पक्ष १८५०च्या दशकात मोडला, फ्री सॉइल १८४८ ते १८५४, रिपब्लिकन १८५४पासून. ग्रेंज ही १८६७ साली स्थापन झालेली शेतकऱ्यांची संघटना, पक्ष नव्हे. त्या वेळच्या पक्षाला आजच्या अमेरिकी राजकारणाचा रंग देऊ नका.

शेवटी अडलेल्या कागदांसाठी राज्याच्या अभिलेखागाराला ईमेल करावा लागतोच. एका ईमेलमध्ये एकच मागणी: नाव, काउंटी, वर्ष, कागदाचा प्रकार, आणि सूचीत खंड व पान क्रमांक मिळाला असेल तर तो. ‘या माणसाबद्दल जे असेल ते पाठवा’ असं लिहिलं तर बहुधा संशोधक नेमण्याचा सल्ला परत येतो. नक्कलांचा दर आधी विचारा, कार्डने परदेशातून पैसे घेतात का तेही विचारा. फोन करायचा झाला तर मॅडिसनमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा नागपुरात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिकडची घड्याळं मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरात मागे होतात, आपली होत नाहीत.